सुकवारोचं कुत्रं

१६ जानेवारी २०११

देवरीच्या पुलियावर आम्ही दोघी बसायचो, नागपूरच्या मोटारीची वाट बघत. मी दहा वर्षांची, सुटी संपवून कॉन्व्हेंटच्या होस्टेलला परत निघालेली. सुकवारो सोळा-सतराची, माझी पेटी डोक्यावर घेऊन आलेली. थंडी अशीच. शाळेचा मरून स्वेटर एक आणि आम्ही दोघी. एका बाहीत माझा हात, दुसरीत तिचा. उरलेल्या दोन हातांनी बोरं खायचो, आठळ्या खाली नाल्यात. मोटारीचा भोंगा ऐकू आला की ती आपला हात काढून घ्यायची, स्वेटर माझ्या अंगात नीट चढवायची, वरपर्यंत बटणं लावायची. होस्टेलात सिस्टर म्हणायच्या, याला चुलीच्या धुराचा वास येतो, धुवायला टाक. मी महिनाभर टाकत नसे.

आज आठवलं कारण आज मामंजींची पुण्यतिथी. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, दरवर्षीसारखं राइस मिलच्या आवारात म्हाताऱ्यांना ब्लँकेटवाटप केलं. सकाळी नऊपासून सगळे उन्हात बसवून ठेवलेले. पाहुणे आले अडीचला. सुकवारो तिसऱ्या रांगेत होती. तिचं नाव पुकारलं. ती आली, वाकली, ब्लँकेट घेतलं. फोटोवाला म्हणाला, आजी, असं धरा की मिलचं नाव दिसेल. तिने धरलं. तो म्हणाला, तोंड वर. तिने केलं.

आणि मी स्टेजवर. अंगावर शाल, सत्काराची.

संध्याकाळी ओट्यावर आली तेव्हा ब्लँकेट उलगडून दाखवलं. पलीकडचा उजेड दिसतो त्यातून. म्हणाली, "गरम नाही होत नोनी, पण नाव मोठं हाय." बासष्टाव्या वर्षीही मी तिची नोनीच, लहान पोरच.

सगळे म्हणतात कुसुम हल्ली विसरते. हे विसरणार नाही, भाऊजी.

१९ जानेवारी

एक वाजता सु. रिकामा डबा घेऊन आली. कुत्र्यासाठी.

हे दोन वर्षांपासून. तिचा मुलगा हैदराबादला बांधकामावर गेला तो आलाच नाही, तेव्हापासून. पहिल्या दिवशी म्हणाली, उरलंसुरलं असंल तर दे, कुत्र्याले घालतो. मी भात-वरण दिलं, वर वांग्याची भाजी. तिच्याकडे कुत्रं नाही. हे मला माहीत आहे, मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. एकदा मी मुद्दाम विचारलं, नाव काय ठेवलं गं? म्हणाली, "नाही ठेवलं. नाव ठेवलं का माया लागते." दोघी हसलो.

तिच्या कुत्र्याला मिरचीचा ठेचा फार आवडतो. लिंबाचं लोणचंही. आज मी म्हटलं, त्याला सांग, वरणात तूप आहे, हळू खा. म्हणाली, "त्याले दात कोठी हाय? हळूच खाते."

२ फेब्रुवारी

भाऊजी आले होते. चहा घेतला. रस्त्यालगतच्या वावरात गोडाऊन बांधायचं आहे, जमीन अकृषक करायची, सातबाऱ्यावर त्यांचं आणि, हे गेल्यापासून, माझं नाव, तेव्हा माझी सही हवी. कागद पुढे केले. मी सहज विचारलं, शेताच्या कडेचे, धुऱ्यावरचे तीन मोह?

"काढावे लागतात वहिनी. ट्रक कोठून जाईल?"

मी म्हटलं, ते सुकवारोचे आहेत.

हसले. "कागदावर दाखवा."

खरं आहे, कागदावर नाहीत. मामंजींनी ते वावर घेतलं तेव्हा झाडं होतीच, आणि झाडाखाली झाडणारी सुकवारोची सासू होती. मामंजी म्हणाले, जमीन आपली, फूल त्यांचं. एवढंच. आमच्या भागात झाडाची मालकी अशीच. फागुनात ज्या घरची बाई मोहाखाली झाडून पाला जाळते, ते झाड त्या घरचं. मग वाटेवर पडलेलं एक फूलही दुसरं कोणी उचलत नाही. सु. याच गावात दिलेली, माझ्या आधी; सासूनंतर तीच झाडते. चाळीस वर्षं. त्या फुलांवर तिचं मीठ-मिरची, तेल, कोणाच्या लग्नात न्यायचा आहेर, सगळं चालतं. डबा माझा असेल, पण ताठ मान मोहाची आहे.

सही मागितली की मी चष्मा शोधते. आज सापडला नाही.

६ फेब्रुवारी

तहसीलदारांना अर्ज लिहिला. इंग्रजीत. दोन पानं. सिस्टरांनी शिकवलेलं तिरकं अक्षर अजून हलत नाही. वहिवाट, परंपरा, वृद्ध निराधार स्त्री, सगळं मुद्देसूद. तीनदा वाचला, कबूल करते, मला स्वतःलाच आवडला. रजिस्टर पोस्टाने पाठवला.

सु.ला वाचून दाखवला, मराठी करून. तिने शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "लिवू नको व्हती नोनी. बोललेलं आपलं राहते. लिवलं का सरकारचं होते."

मी म्हटलं, वेडी आहेस.

२४ फेब्रुवारी

तलाठी आले, अर्जावरून पंचनाम्याला. मी काठी टेकत वावरात गेले, भाऊजी मोटरसायकलवर, सु. आधीच तिथे. तलाठ्यांनी विचारलं, झाडं तुमची याचा पुरावा काय? तिने त्यांना झाडाखाली नेलं. जमीन दाखवली. चाळीस फागुनांच्या राखेने काळी पडलेली, गोल, अंगणासारखी. म्हणाली, "हे बगा ना साहेब."

ते बुटांनी त्या काळ्यावर उभे राहून लिहीत होते. मोहाची झाडे तीन. मालक सातबाऱ्याप्रमाणे. वहिवाटीचा लेखी पुरावा नाही.

भाऊजींनी नक्कल मागून घेतली. जाताना मोटरसायकल माझ्याजवळ थांबवली. "वहिनी, मी दहा वर्षं फिरलो असतो तरी असा कागद नसता भेटला. तुम्ही एका अर्जात करून दिला."

त्यांचं तोंड मी नीट पाहून घेतलं.

२५ फेब्रुवारी

सु. आली, डबा नेला. एक अक्षर बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं.

चाळीस वर्षं कोणी विचारलं नव्हतं. मी विचारायला लावलं. शाळेत शिकवलं, सगळं लिहून मागा. सुकवारोला कोणी शिकवलं नाही, तिला कळत होतं.

४ मार्च

सांगायलाही लाज वाटते.

भाऊजींनी तिन्ही झाडांभोवती काट्यांचं कुंपण घातलं. सु. सकाळी झाडू घेऊन गेली तर मिलच्या माणसाने परत पाठवली. ती मिलवर गेली, भाऊजींना भेटायला. तिथे धान घेऊन आलेले दहाबारा शेतकरी उभे. सगळ्यांसमोर भाऊजी म्हणाले, "बाई, तुले कायले पाहिजे मोह? वहिनीच्या घरचं जेवण चालूच हाय ना. त्या बिनशेपटीच्या कुत्र्याच्या नावानं." सगळे हसले म्हणे.

हे मला जावेने, लताने सांगितलं. रडत होती. कुत्र्याची गोष्ट तिनेच नवऱ्याला कधीतरी गंमत म्हणून सांगितली होती.

एक वाजला, दोन वाजले. सु. आली नाही.

५ मार्च

नाही आली.

७ मार्च

मीच डबा घेऊन गेले. तिच्या झोपडीपर्यंत जायला मला हल्ली तीनदा थांबावं लागतं. छातीत भरून येतं. दारात बसली होती, शिंदीच्या पानांचा झाडू बांधत. कोणत्या झाडाखाली मारणार तो? विचारलं नाही.

डबा पुढे ठेवला. तिने तो माझ्याकडे सरकवला. हळू, जसं काही गरम आहे.

"कुत्रं मेलं, नोनी."

परत येताना पुलियाशी बसले, इथल्या, देवरीच्या नाही. होस्टेलात रोज सकाळी क्षमेची प्रार्थना म्हणायचो. अजून पाठ आहे. म्हणून पाहिली. तोंडाने होते.

८ मार्च

चष्मा सापडला. मिलवर गेले. अकृषकचे कागद समोर बसून वाचले, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. भाऊजींनी पेन उघडून दिलं. मी पेनाला टोपण लावलं आणि त्यांच्या खिशात खोचलं.

म्हटलं, पंचनाम्याची नक्कल काढा. झाडांचे मालक कोण लिहिलंय? सातबाऱ्याप्रमाणे. म्हणजे तुम्ही आणि मी. उद्यापासून मी माझ्या झाडाखाली झाडणार आहे. कुंपण तुम्ही काढता की मी काढू?

"लोक काय म्हणतील वहिनी? आपल्या घरची बाई मोह वेचते?"

मी म्हटलं, तेच म्हणतील.

दिवसापुरता नाही, आयुष्यभराचा आनंद झाला त्यांचं तोंड पाहून. खोटं कशाला लिहू.

९ मार्च

पहाटे साडेपाच. काटे काठीने ओढून काढले, हात फाटले. झाडलं. पाला जाळला. धूर सरळ वर गेला, सडकेवरून चिचगडच्या बाजाराला जाणारे सायकली थांबवून बघत होते. राइस मिलची थोरली वहिनी, मोहाखाली, पदर खोचून. एकाने विचारलं, बाई, तुम्ही काऊन? मी म्हटलं, भाऊजींना विचार.

दिवसभरात सातआठ जणांनी त्यांना विचारलं असं लता सांगत होती. जेवले नाहीत म्हणे.

मी जेवले. दोनदा भात घेतला.

२१ मार्च

फूल जोरात. वेचायला गुडघ्यावर बसते, उठायला झाड धरते. टोपलीभर व्हायला दोन तास. सु.चा हात मी पाहिलेला आहे, कोंबडी दाणे टिपते तसा. माझ्या टोपलीत फुलांपेक्षा माती.

अजितचा पुण्याहून फोन. काकांनी त्याला केला होता. "आई, सही करून टाक ना, कशाला या वयात." मी विचारलं, तुला सुकवारो आठवते का? म्हणाला, कोण?

जायच्या दिवशी याच्या खिशात टोरी, मोहाच्या बिया, भरून द्यायची ती.

३ एप्रिल

फुलं कशी ठेवायची मला माहीत नव्हतं. पोर्चमधल्या धान्याच्या कोठीत भरली आणि झाकण लावलं. चार दिवसांत आंबली. घरभर, अंगणभर दारूचा वास. भिंतीपलीकडे भाऊजींची बैठक.

पहिल्या दिवशी ती चूक होती. दुसऱ्या दिवशी नव्हती. त्यांच्याकडे गोंदियाचे व्यापारी येणार हे कळलं, तेव्हा मी कोठीचं झाकण उघडून ठेवलं. पंखा लावला.

एक जण बैठकीतून म्हणाल्याचं स्पष्ट ऐकू आलं, "भाईसाहब, आप के यहाँ भी दारू उतारते हैं क्या?"

४ एप्रिल, पाडवा

गुढी उभारत होते. फाटकातून आवाज. "कोण सडवून राहिलं गा हे फूल?"

सुकवारो. महिन्याने.

सरळ कोठीशी गेली. हात घातला, काढला, नाकाशी नेला, माझ्याकडे असं पाहिलं की सिस्टरांनीही कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, इंग्रजी शिकली, फूल वाळवाले नाही शिकली. झाडाचं लेकरू हाय हे, डब्यात कोंडतात का याले? मग कोठी उलटी केली, खराब बाजूला, चांगलं बाजूला, चांगलं अंगणात पातळ पसरलं. दीड तास शिव्या. मी मागे मागे चटई ओढत. असं सुख खूप दिवसांत मिळालं नव्हतं.

जाताना मी डबा आणला नाही. धीर झाला नाही. ती फाटकाशी थांबली. पाठमोरीच म्हणाली, "एक पिल्लू आलं हाय दारात. ठेवावं का नाही, पाहून राहिली."

मी म्हटलं, ठेव. पिल्लांना दूधभात लागतो.

१२ एप्रिल

दोघी जातो पहाटे. ती वेचते, मी वेचल्यासारखं करते. भाऊजींचा माणूस लांबून बघतो, तिला काही बोलत नाही, मी असते म्हणून. मी नसले तर?

श्वास लागतो. तिने काल माझी टोपली न विचारता आपल्या डोक्यावर घेतली. तिच्या टोपलीवर माझी.

२३ एप्रिल

परवा नागपूरला तपासणीला गेले, काल मुक्काम. हृदयाची झडप बदलावी लागेल. बारा मेला भरती व्हायची तारीख दिली. ठीक.

आज परत आले तर तीन मोहांचे दोन.

मधला, सगळ्यात मोठा, आडवा. दप्तरी नोंद झालीसुद्धा: वादळात पडले. लताला विचारलं, वादळ केव्हा आलं होतं? ती चहा ठेवायला आत गेली. बुंध्याजवळ करवतीचा भुसा, ताजा, पिवळा.

सु. खोडाशी बसलेली. कापल्या जागी हळद लावली होती तिने. म्हणाली, माझ्या सासूच्या सासूनं पाहिलेलं झाड. मग म्हणाली, "जाऊ दे नोनी. दोन हायत ना. तू भांडू नको, तुजं काळीज खराब हाय."

तिला राग का येत नाही? आला असेल. राग धरायला पोट भरलेलं लागतं बहुतेक. माझं भरलेलं आहे. तिच्या वाट्याचाही मीच धरते.

२४ एप्रिल

भाऊजींकडे गेले नाही. त्यांना वाटत असेल, वहिनी आजारी, संपलं. वाटू दे.

२ मे

गोंदियाला जाऊन वकिलांना भेटले. मृत्युपत्र. माझ्या नावचा अर्धा हिस्सा, त्या वावरापुरता. मी लिहून नेलं होतं: दोन मोह आणि त्यांच्या सावलीपुरती जमीन, जी बाई फागुनात त्यांच्याखाली झाडते, तिची.

वकील म्हणाले, बाई, असं नाही चालत. नाव लागतं. सावली मोजता येत नाही. भाऊबंद कोर्टात एका दिवसात उडवतील. मी म्हटलं, नाव लिहा, सुकवारोचं. आणि माझं वाक्यही राहू द्या. एका दिवसात उडालं तरी चालेल, त्या दिवशी ते वाक्य भाऊजींना कोर्टात उभं राहून ऐकावं लागेल.

सु.ला सांगितलं. कपाळाला हात लावला तिने. "पुना लिवलं?"

हो. पुन्हा. या वेळी मराठीत.

७ मे

साक्षीदार दोन लागतात. किराणावाले काका तयार. दुसरं कोणी नाही. गावात प्रत्येकाचं धान भाऊजींच्या मिलवर जातं.

दुपारी लता मागच्या दाराने आली. विचारलं, ताई, तुम्ही नागपूरला असाल तेव्हा डबा कोण देईल? मी म्हटलं, तोच विचार करते आहे. म्हणाली, मी देईन. "यांना सांगू नका."

मी कागद काढून तिच्यासमोर ठेवला. साक्षीदार दुसरा, रिकामी ओळ. तिने वाचला. दोनदा वाचला. घरी घेऊन जाऊ का, म्हणाली. घेऊन गेली.

११ मे

उद्या भरती, परवा ऑपरेशन. सकाळच्या गाडीने निघायचं. लताने कागद अजून परत दिलेला नाही. तिच्या पदरात आहे की भाऊजींच्या हातात, माहीत नाही. विचारायला गेले नाही.

अजित, मी नसले तर ही वही तुलाच सापडेल, म्हणून.

सोन्याच्या पाटल्या तुझ्या बायकोला. तिने मागितल्या नाहीत कधी, म्हणून.

देव्हारा आणि त्याच्यामागे ठेवलेली होस्टेलची माळ, सिस्टरांनी दिलेली, दोन्ही लताला. कागद परत आला असो की नसो. तिला भीती वाटते, हा तिचा गुन्हा नाही.

सत्काराच्या सगळ्या शाली, एकूण अकरा, तिसऱ्या रांगेत बसतात त्यांना. घरी नेऊन द्यायच्या. फोटो काढायचा नाही.

भाऊजींना त्यांची ब्लँकेटं. सुकवारोकडची दोन्ही, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं, मी मागून घेतली आहेत, धुऊन कपाटात ठेवली आहेत. मिलचं नाव वर येईल अशी घडी आहे, ती मोडू नकोस. लोक बसायला येतील त्या दिवशी दे, सगळ्यांसमोर. आणि माझ्या अंगावर त्यातलं काही घालू देऊ नकोस.

माझा मरून स्वेटर, लोकरीचा, गेल्या वर्षी विणलेला, सुकवारोला. ती म्हणेल मोठा होतो. म्हण, होऊ दे.

मोहाचं वाळलेलं फूल वरच्या खोलीत, चार पोती. तिचं. मी वेचलेलं पोतं वेगळं आहे, त्यात माती आहे, ते पाखडून दे.

आणि डबा. रोज एक वाजता. भात ऊन असावा, वर ठेचा, लिंबाचं लोणचं, आता दूधसुद्धा. ती म्हणेल पिल्लासाठी. तू हो म्हण. घरात डोकावून बघू नकोस, आणि त्याचं नाव विचारू नकोस.